शालू, नऊवारी, घागरा: खरेदी, शिलाई आणि शेवटच्या आठवड्यातलं अल्टरेशन

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेकीचं लग्न वैशाखात, सोलापुरातच. ती पुण्याला नोकरी करते, लग्नाच्या रजेआधी फार तर दोनदा येऊ शकेल. शालू, नऊवारी आणि रिसेप्शनचा घागरा घ्यायचाय, शालूच्या ब्लाऊजला आरी वर्क करायचंय, आणि ती सध्या वजन कमी करतेय. माप कधी द्यायचं, आणि शेवटच्या आठवड्यात कपडा सैल किंवा घट्ट निघाला तर काय करायचं?

ताई, शेवटच्या आठवड्यात काय होऊ शकतं हे बस्ता बांधतानाच बरंचसं ठरलेलं असतं. ब्लाऊजपीस किती लांब आहे, कापताना आत माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) किती सोडली, मणी शिवणीच्या किती जवळ आले, घागऱ्याच्या कळ्या (खाली रुंद होत जाणारे उभे तुकडे) कशा आहेत, यावर अल्टरेशन अवलंबून असतं. टेलर कितीही हुशार असला तरी नसलेलं कापड आणणार कुठून? म्हणून उत्तराची सुरुवात दुकानातून करते.

बस्त्याला दहा-बारा जण येतात, चाटी गल्लीच्या कापडबाजारात गर्दी असते, चहा येतो, साड्यांचा ढीग लागतो आणि शालू उभ्या उभ्या पसंत होतो. पसंती तशी होऊ द्या, पण बिल करण्याआधी ती एक साडी पूर्ण उलगडायला सांगा. जरीच्या साडीला बरेच दिवस एकाच घडीवर ठेवलं की घडीच्या रेषेवर जर मोडते आणि रेशीम चिरायला लागतं. काउंटरवर हे दिसत नाही, निऱ्या घालताना दिसतं. साडी उजेडासमोर धरून घडीच्या रेषा बघा, पदर आणि काठ जिथे जोडले जातात तिथे विणीत सुटलेले धागे बघा. रंग मात्र दुकानाच्या दिव्याखाली ठरवू नका, दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघा. हिरवा आणि राणी रंग पिवळ्या दिव्यात फार फसवतात.

रेशीम खरं की मिसळ, याची खात्री केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्कच्या लेबलवरून होते. लेबल नसेल तर धागा जाळून बघायचा. बहुतेक जण पदराच्या दशांमधला धागा जाळतात आणि समाधान मानतात. पण दशा म्हणजे फक्त उभा धागा, ताणा. मिसळ बहुधा आडव्या धाग्यात, बाण्यात असते. म्हणून त्याच टोकावरून आडवा एक धागा सुटा करून तोही जाळायला सांगा. रेशीम हळू जळतं, केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गाठ होते. पैठणी घेत असाल तर पदर उलटून बघा. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही जवळपास तितकीच स्वच्छ असते, यंत्रमागाच्या नकलेत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. सेमी पैठणी घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त ती सेमीच्या भावात मिळाली पाहिजे.

दुकानातच आणखी एक गोष्ट मोजून घ्या, ब्लाऊजपीस. सहावारीच्या साधारण ६.३ मीटरमधले ८० सेंटीमीटर ब्लाऊजचे असतात. छाती ३६ पर्यंत आणि बाही आखूड असेल तर तेवढं पुरतं. कोपरापर्यंत बाही, मोठं माप आणि बाहीला काठच हवा, असं तिन्ही एकत्र आलं की ओढाताण सुरू होते. ८० सेंटीमीटर म्हणजे साडेएकतीस इंच. एका काठातून दोन बाह्या काढल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम पावणेसोळा इंच येतात आणि त्यातच माया बसवायची असते. अशा वेळी दुसऱ्या बाजूचा काठ बाहीला वापरावा लागतो, मग पाठीला काठ उरत नाही. टेलर हे जुळवायला सगळ्यात आधी माया कमी करतो, आणि ती कमी केल्याचं तुम्हाला कळतं लग्नाच्या चार दिवस आधी. त्यामुळे मीटरभर ब्लाऊजपीस असलेला शालू मिळाला तर उत्तम. नाहीतर पाठीला आणि पोटाला जुळणारं वेगळं रेशीम घ्यायचं आणि शालूचं कापड बाह्यांसाठी ठेवायचं.

फॉल-पिकोचं थोडक्यात सांगते. फॉल सुती घ्या आणि लावण्याआधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कोरा फॉल लावला तर पुढे तो आवळतो आणि जड काठाला कायमच्या चुण्या पडतात. शालूला फॉल हातशिलाईनेच लावायला सांगा, मशीनचे टाके जरीच्या काठावर दिसतात.

आता ब्लाऊज, कारण सगळा घोळ इथेच होतो.

आरी वर्क, म्हणजे आकड्याच्या सुईने केलेलं मणी-जरीचं भरतकाम, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ज्याला मग्गम म्हणतात ते, कापड कापण्याआधी होतं. अख्खं कापड चौकटीवर ताणून त्यावर गळा, पाठ, बाही आखतात आणि त्या रेषांवर काम करतात. काम झाल्यावर गळ्याचा आकार, खोली किंवा खांद्याची रुंदी बदलता येत नाही. म्हणून आधी साध्या सुती कापडाचा ट्रायल ब्लाऊज शिवायचा, तो अंगावर बसवून दुरुस्त करायचा आणि त्यावरून आखणी करायची. हा खर्च टाळायचा मोह अनेकांना होतो, पण सगळ्या शिलाईत याच्याइतके सार्थकी लागणारे पैसे दुसरे नाहीत.

तुमच्या लेकीच्या बाबतीत हे सोयीचंच आहे. वजन चार-पाच किलोंनी उतरलं तरी खांद्याची रुंदी, पाठीची लांबी आणि गळ्याची जागा फारशी हलत नाही. हलते छाती, छातीखालचा घेर, कंबर आणि दंडघेर. म्हणजे ज्या भागावर भरगच्च काम येतं तो भाग पहिल्याच फेरीत नक्की करता येतो. बदलणारा भाग बाजूच्या शिवणींत आहे आणि तो शेवटपर्यंत मोकळा ठेवता येतो. त्यासाठी आरीवाल्याला स्पष्ट सांगायचं: बाजूच्या शिवणीच्या अलीकडे दीड इंच भरीव काम नको, फार तर दोऱ्याची बारीक बुट्टी चालेल. बाहीच्या खालच्या जोडालाही तेच. नंतर ब्लाऊज आत घ्यावा लागला आणि त्या पट्ट्यात मणी, कुंदन किंवा जरदोसी आली, तर मशीनची सुई मोडते किंवा मणी फुटून दोरा कापला जातो. मग कारागिराला एकेक मणी उसवून काढावा लागतो. काखेखालचा हा कोरा पट्टा फोटोतही दिसत नाही, हात खालीच असतो.

कापड चौकटीवरून उतरलं की ते किंचित आकसतं. काम जितकं भरगच्च तितकं जास्त, कधी पाव, कधी अर्धा इंच. म्हणून काम झाल्यावर जुन्या खुणांवरून थेट कात्री चालवू द्यायची नाही. ट्रायल ब्लाऊजचा कागदी पॅटर्न कापडावर पुन्हा ठेवून बघायचा.

माया किती सोडायची ते आकड्यात सांगते. बाजूच्या शिवणीत पुढच्या आणि मागच्या, दोन्ही भागांना दीड-दीड इंच माया ठेवली, तर शिवणीपुरता अर्धा इंच राखून प्रत्येक थरातून एक इंच बाहेर काढता येतो. दोन बाजू, प्रत्येकी दोन थर, म्हणजे घेरात एकूण चार इंच. पण घेर वाढवला की मुंढाही (बाही जोडायची गोल जागा) मोठा होतो, दर बाजूला दोन इंचांनी. बाहीच्या जोडात तेवढी माया नसेल तर बाही मुंढ्याला पुरत नाही. टेलर बाजूला माया ठेवतात आणि बाहीत ठेवायची विसरतात. मग बाजूला कापड असूनही ब्लाऊज सुटत नाही. बाहीच्या खालच्या जोडात दोन्ही थरांना दीड इंच हवंच. ही मायेची नोंद पावतीवर मापांशेजारी लिहून घ्या.

शिवण उसवून माया बाहेर काढली तर रेशमावर जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, हे मात्र खरं. ब्रोकेडवर तर हमखास. वाफेच्या इस्त्रीने थोडी मिटतात, पूर्ण जात नाहीत. म्हणून दुसऱ्या फेरीपर्यंत बाजूची शिवण पक्की मारायचीच नाही, लांब टाक्याची कच्ची शिलाई किंवा हाताचा धावदोरा पुरे. रेशमाला ११ नंबरची नवी सुई हवी. बोथट सुईने धागा ओढला जातो आणि कापडावर आडवी रेघ उमटते.

अस्तर सुतीच. वैशाखात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नवरी होमासमोर बसते. सॅटिन किंवा क्रेपचं अस्तर चमकतं छान, पण घाम शोषत नाही. तो थेट रेशमावर येतो आणि काखेत डागाचं वर्तुळ उठतं. सुती अस्तर आधी भिजवून घ्या. कापताना अस्तर वरच्या कापडापेक्षा पाव इंच घट्ट ठेवायला सांगा, म्हणजे ताण अस्तरावर येतो. तसं केलं नाही तर शिवणीशेजारी रेशमाचे धागे सरकून कापड विरल्यासारखं दिसतं. काखेत घामाचे पॅड टाचून घेतले तर आणखी बरं.

मापाला येताना लग्नाच्या दिवशी घालायची ब्रा घालूनच यायचं. पॅड ब्लाऊजमध्येच शिवायचे असतील तर माप आणि ट्रायल दोन्ही त्याच हिशेबाने व्हायला हवं. ब्रा बदलली की टक्सची (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चिमट्यांची) टोकं वर-खाली होतात, आणि आरी झाल्यावर टक्स हलवता येत नाहीत. पाठीचा गळा नऊ-दहा इंच खोल हवा असेल तर पुढचा गळा बेताचा ठेवा. दोन्ही खोल आणि रुंद केले की खांदे घसरणार, दोरी कितीही ओढा.

मुंढ्याबद्दल एक उलटं वाटणारं सत्य आहे. वरमाला घालताना हात वर जात नाही अशी तक्रार आली की टेलर मुंढा खाली खोल करतो. त्याने अडचण वाढते: मुंढा जितका खोल, तितका हात उचलला की सगळा ब्लाऊज वर ओढला जातो आणि खालची पट्टी छातीवर चढते. हात मोकळा हवा असेल तर मुंढा काखेच्या जवळ, उंच हवा आणि बाहीच्या वरच्या भागात ढील हवी. ट्रायलला दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग पाया पडल्यासारखं वाकून बघायचं. आरशासमोर ताठ उभं राहून ब्लाऊज बघण्यात काही अर्थ नाही.

आता तिच्या फेऱ्या. पहिली फेरी बस्त्याच्या वेळी, लग्नाआधी तीन महिने. शनिवारी सकाळी खरेदी, दुपारी माप, रविवारी सकाळी ट्रायल ब्लाऊज अंगावर, दुरुस्त्या खुणावून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला. टेलरशी आधी बोलून ठेवलं तर हे जमतं. त्यानंतर आरीला तीन-चार आठवडे धरा. दुसरी फेरी लग्नाआधी तीन-चार आठवडे: काम झालेला ब्लाऊज कच्च्या शिलाईत, नऊवारीची ट्रायल आणि घागऱ्याची उंची. तिसरी वेळ रजेवर आल्यावर, लग्नाआधी पाच-सहा दिवस: बाजू पक्क्या, हुक, लटकन. एप्रिल-मेमध्ये मुहूर्तांची गर्दी असते आणि त्याच महिन्यांत सोलापुरात शाळेच्या गणवेशांच्या शिलाईची धांदलही असते, चांगले हात तिकडेही लागतात. त्यामुळे ‘ताई, आठ दिवसांत देतो’ यावर विसंबू नका. ट्रायलची तारीख पावतीवर वेगळी लिहून घ्या, आणि शेवटचा हप्ता अंतिम ट्रायल झाल्यावरच द्या.

नऊवारी शिवून घ्यायची की नेसवायची? खऱ्या रेशमाची भारी नऊवारी असेल तर कापू नका. शिवलेली नऊवारी परत साडी होत नाही. नेसवणाऱ्या बाई ठरवून टाका आणि आधी एकदा नेसून चालून बघा. साडी मात्र मोजून घ्या: नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर, आणि ‘नऊवारी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या तेवढ्या भरत नाहीत. उंच किंवा भरल्या अंगाच्या मुलीला ही कमतरता काष्ट्यात जाणवते. सेमी सिल्कची शिवून घेणार असाल तर कंबर आणि उंचीइतकंच बैठकीचं माप महत्त्वाचं. ते उभ्याने घेऊन चालत नाही. पाटावर मांडी घालून बसल्यावर कंबरेच्या पुढून काष्ट्याखालून मागच्या कंबरेपर्यंत टेप न्यायचा आणि त्यात दोन-तीन इंच ढील धरायची. हे चुकलं की नवरी पाटावर बसते आणि मागची शिवण उसवते. ट्रायलला मांडी घालून बसा, उठा, सप्तपदीसारखी पावलं टाका. बाजूला चेन लावून घ्या, बाथरूमला जाताना सोपं पडतं.

घागऱ्यात लोक उंचीवर फसतात. तयार घागरा दोन इंच लांब निघाला तर खालून कमी करता येत नाही, कारण सगळी बॉर्डर खाली असते. मग वरून कापायचा. तिथे गणित येतं. समजा १२ कळ्यांचा घागरा आहे, कंबर ३० इंच, खालचा घेर ५ मीटर म्हणजे १९७ इंच आणि उंची ४० इंच. घेर ४० इंचांत १६७ इंचांनी वाढतो, म्हणजे दर इंचाला चार इंचांहून थोडा जास्त. वरून दोन इंच कापले की कंबर ३० ची साधारण ३८ होते. ते आठ इंच बाराही जोडांत विभागून, प्रत्येक जोडात पाऊण इंचाच्या आतबाहेर घेऊन, खाली निमुळतं करत न्यावे लागतात. घाईत टेलर ते सगळे दोन बाजूंच्या शिवणीत ढकलतो. मग मधल्या कळ्या तशाच राहतात, बाजूच्या तिरक्या होतात आणि बॉर्डर दोन्ही बाजूंना वर उचलली जाते. त्यामुळे घागरा सेमी-स्टिच मिळत असेल तर तोच घ्या, कंबर अजून बंद झालेली नसते. तयार घ्यायचा असेल तर सँडल घेऊनच दुकानात जा. सँडल घालून पुढची कड जमिनीपासून इंचभर वर हवी, नाहीतर स्टेजच्या पायऱ्यांवर पाय अडकतो. कॅनकॅन (घागरा फुगवणारा आतला कडक जाळीचा थर) वरच्या नेटला जोडलेला नसावा, अस्तराला जोडलेला असावा. जड घागरा नुसत्या चेनवर पेलत नाही. दोन इंची कॅनव्हासचा कंबरपट्टा, दोन मजबूत हुक आणि आतून नाडी, तिन्ही हवेत. भाड्याचा घागरा असेल तर फक्त कच्ची शिलाई करू देतात, हे आधी विचारून घ्या आणि नेताना डागांचे फोटो काढून ठेवा.

शेवटच्या आठवड्यात घट्ट निघालं तर क्रम असा. आधी बाजूची माया. ती नसेल तर हुकपट्टीला नवी पट्टी जोडून हुक इंचभर सरकवता येतात, पदराखाली ते दिसत नाही. मुंढ्यातच घट्ट असेल तर काखेत कापडाचा तीन इंची चौकोनी तुकडा बसवतात, त्यासाठीच कातरण परत मागून ठेवायची. यातलं काहीच जमण्यासारखं नसेल तर पाठ मध्यावर उघडून दोन्ही कडांना लूप लावायचे आणि दोरी ओवायची, दोन-तीन इंच सहज मिळतात. सैल निघालं तर घेरात दोन इंचांपर्यंत बाजूने आत घ्या. त्याहून जास्त असेल तर नुसत्या बाजू आवळून छातीचा आकार बिघडतो, टक्सही थोडे वाढवावे लागतात, म्हणून वजनाचा अंदाज दुसऱ्या फेरीत टेलरला खरा सांगा. गळा पुढून उघडा पडत असेल तर गळ्याच्या पायपिंगमधून बारीक इलॅस्टिक दोरा ओवतात. खांदा घसरत असेल तर आतून टिचबटणाची पट्टी लावून ती ब्राच्या पट्टीला अडकवतात.

कार्यालयात नेण्याच्या पिशवीत शालूच्या आणि ब्लाऊजच्या रंगाचा दोरा ओवलेल्या दोन-दोन सुया, लहान कात्री, टिचबटणं, चार जादा हुक आणि वेगवेगळ्या मापांच्या सेफ्टी पिना ठेवा. जरीवर पिन लावताना खाली कापडाचा तुकडा घ्या. अत्तर आणि स्प्रे साडी नेसण्याआधी अंगावर मारायचा, जरीवर पडला की ती काळवंडते.

लग्न झाल्यावर शालू आणि ब्लाऊज तसेच बॅगेत भरून सासरी पाठवू नका. सावलीत दिवसभर वारा लागू द्या, घामाचे डाग असतील तर आठवड्याच्या आत ड्रायक्लीनला द्या. मग जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवा, डांबरगोळी जरीला लागता कामा नये. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला. आरीचा ब्लाऊज उलटा करून, पाठीत मऊ कापड घालून वेगळ्या पिशवीत ठेवा. आतली माया कापून साफ करून देऊ का, असं टेलर विचारेल. तिला हात लावू देऊ नका.